सत्तर अक्षरं

गहिनीच्या होडीवरचं यंत्र
एका निरोपात एकशे साठ अक्षरं घेतं.
इंग्रजीत.
देवनागरीत सत्तरच.
काना एक, मात्रा एक,
जोडाक्षरात लपलेला पाय मोडका, तोही एक.
वेलांटीलासुद्धा भाडं पडतं
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी साडेआठला मी धरणावरच्या बाष्पपात्राची पातळी बघते.
काल उन्हानं अकरा मिलिमीटर नेलं.
ते वहीत चढवते
आणि केबिनच्या सावलीला बसून
मोबाईलवर हिंदी महासागर उघडते.

निळ्यावर बाणच बाण, बाणांना पिसं.
अर्धं पीस पाच नॉट, अख्खं दहा.
इथं पैठणात बेचाळीस डिग्री,
गेटवरचा झेंडा काठीला चिकटलेला,
आणि माझ्या अंगठ्याखाली
विषुववृत्तापलीकडं अडीच पिसांचा वारा.

मी समुद्र पाहिलेला नाही.
गहिनीनंही नोकरी लागेस्तोवर नव्हता पाहिला.
थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तो नाथसागरात शिकला,
जाळं एका हातात, दुसऱ्यात ॲल्युमिनियमचं ताट,
तेच वल्हं.
आता सव्वीस फुटांची होडी, एकटा,
गोव्याहून मॉरिशसला.

आबा विचारतात, लाट केवढी?
तीन मीटर, मी सांगते.
ते हसतात.
"उंची सांगू नको. दोन लाटांमधी दम किती?"
चौदा सेकंद.
"चौदा?
आपल्याकडं शेवगावकडून वारा सुटला
की तीन शेकंदाला एक थोबाडीत बसती.
चौदाची ती लाट नाय, बाई, ती घाटी झाली.
चढायचं, उतरायचं.
भ्यायचं कव्हा, ती फुटाय लागली की."
मग बराच वेळ बिडी न पेटवता,
"किनारा कुठंच दिसत नसंल का गं त्याला?"

मधे नऊ दिवस वारा मेला होता.
नकाशावर पिसंच नव्हती, नुसती वर्तुळं.
मी रोज लिहायची: उद्या, बहुतेक उद्या.
आठव्या दिवशी त्याचा निरोप आला:
शीड लोंबतंय. धरण किती?
मी आख्खा निरोप त्यावर खर्च केला.
एकोणीस टक्के, जुन्या गावाची वेस उघडी पडली,
आबा जाऊन शिवून आले.
त्यात हवामान एक अक्षर नव्हतं.
रात्रभर वाटत राहिलं, चुकलं.

काल दुपारी ढगांचं एक पांढरं गाठोडं
त्याच्या पूर्वेला फुगताना दिसलं.
मी लिहिलं:

वारा आग्नेय १८ झोत २६ लाट ३ मी १४ से पाऊस रात्री पश्चिमेला सरक

बासष्ट.
उरली आठ.
काळजी घे, मोजून आठ,
पण त्याआधी मोकळी जागा सोडावी लागते
आणि तिचंही एक.
नऊ.

काय काढू?
झोत काढला तर शीड वेळेवर उतरणार नाही.
से काढला तर आबांचा दम जातो.
मी काढू असं त्यात काहीच नव्हतं.
मागं पंप सुरू झाला, कुणीतरी मला हाक मारली,
मी दोन शब्द एकमेकांना चिकटवले
आणि पाठवून दिलं.

रात्र गेली.
सकाळी पट्टी नीट वाचता येईना,
दहा की बारा, तीनदा बघितलं.
शेवटी अकराच लिहिलं. खोटं असेल कदाचित.

पावणेअकराला मोबाईल थरथरला:

शीड फाटलं थोडं. शिवतोय. सरककाळजी म्हणजे काय?

मी आबांना वाचून दाखवलं.
त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला, खडीसाखरेसारखा.
मग तराफा उचलून पाण्याकडं निघाले.
पाणी आता पार लांब गेलंय,
वाटेत चिखल वाळून भेगाळलेला.
अर्ध्यावर थांबून त्यांनी मुठीतली माती उडवून पाहिली.
ती कुठंच गेली नाही.
सरळ पायावर पडली.